टाके पिकले कशानं? ग्रामीण रुग्णालयातल्या ड्रेसिंग ट्रॉलीचं प्रकरण

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. ऐन मे महिन्यात, तीन आठवड्यांच्या आत, तिथल्या सात बायांचे टाके पिकले. चौघींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली होती, तिघींना बाळंतपणात खालचे टाके पडले होते. मी नर्सिंग शाळेत पाठ्यनिर्देशिका आहे आणि जिल्ह्याच्या पथकाबरोबर चौकशीला गेले होते. गाव आणि बायांची ओळख पटेल असा तपशील इथे बदलला आहे. काय घडलं आणि कशामुळे घडलं, ते मात्र जसंच्या तसं आहे.

हे प्रकरण उघड झालं ते आशाताईंमुळे. बाळ दवाखान्यात जन्मलं असलं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन त्याला पाहते. भेट बाळासाठी असते, पण शहाणी आशा आईचीही विचारपूस केल्याशिवाय उठत नाही. एका आशाताईला सातव्या दिवशी बाळंतिणीच्या कपड्यावर हिरवट डाग दिसले. तिनं ते गटप्रवर्तकाला, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्याला, कळवलं आणि गटप्रवर्तकानं बाकीच्या गावांत फोन फिरवले, तेव्हा यादी तयार झाली. वॉर्डात त्याआधी दोघींना पू झाला होता, पण दोन्ही वेळा ‘एकीचं पिकलं’ एवढीच नोंद होती. बाया घरी जातात आणि पू घरी होतो. दवाखान्याला स्वतःचा जंतुसंसर्ग दिसत नाही याचं मोठं कारण हेच, आणि ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्यानं घेत नाही असं मला वाटतं.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. डॉक्टरांना वाटलं, पारा ४५ च्या वर, घामानं ड्रेसिंग ओलं होतं. सिस्टर म्हणाल्या, बाया टाक्यावर हळद लावतात, पाणी घेतात. एका सासूबाईंनी सांगितलं, सुनेनं भात खाल्ला म्हणून पिकलं. त्या सुनेचं म्हणणं माझ्या वहीत तसंच्या तसं आहे: “म्या टाक्याले पानीबी लागू देल्लं नाई बाई, भातबी नाई खाल्ला. मंग पिकले कायनं?”

वरिष्ठांनी पहिलं काम केलं ते ऑपरेशन थिएटर बंद करून त्यात जंतुनाशक धूर सोडण्याचं. असं काही झालं की हे हमखास होतं. काहीतरी केल्यासारखं दिसतं, वास दोन दिवस राहतो. थिएटर पुन्हा सुरू झाल्यावर सातवी बाई पिकली.

एका पानावरची मांडणी

आम्ही जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर रकाने आखले. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाची तारीख, कोणी केलं, कोणत्या खाटेवर होती, पहिलं ड्रेसिंग कधी, पू कधी. पान भरत गेलं तसा थिएटरवरचा संशय गळत गेला. खालचे टाके पडलेल्या तिघी थिएटरमध्ये कधी गेल्याच नव्हत्या. नसबंदीच्या चौघींपैकी एकीचं मूल चार वर्षांचं होतं, म्हणजे तिचा प्रसूतिगृहाशी संबंध नव्हता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोन वेगळे होते. सातही जणींत समान गोष्ट एकच निघाली: सगळ्या एकाच वॉर्डात होत्या आणि सगळ्यांचं ड्रेसिंग एकाच ट्रॉलीवरून झालं होतं.

सगळ्यात बोलका पुरावा ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्याकडून मिळाला. त्याच आठवड्यात नसबंदी झालेल्या तीन बाया लग्नसराईमुळे दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांचं न ऐकता, सही करून निघून गेल्या होत्या. ड्रेसिंग उघडायची वेळ येण्याआधीच त्या घरी गेल्या आणि टाके त्यांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढून घेतले. तिघींचे टाके कोरडे, स्वच्छ भरले. त्यांनाही तेच थिएटर, तोच उकाडा आणि वॉर्डात तोच कूलर होता. सिस्टरांचं सगळं ऐकून ड्रेसिंग होईपर्यंत थांबलेल्यांना पू झाला, आणि तोही बहुतेकींना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या ड्रेसिंगनंतर दोन-तीन दिवसांनी.

ट्रॉली

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला आम्ही नुसतं उभं राहून पाहिलं. कोणाला काही म्हटलं नाही.

ट्रॉलीवर स्टीलचा ड्रम, त्यात ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेला गॉज. शेजारी एक उंच बरणी, तिच्यात द्रावणात बुडवून ठेवलेला चीटल फोर्सेप, म्हणजे ड्रममधून निर्जंतुक सामान उचलायचा लांब चिमटा. एका वाटीत द्रावणात भिजवलेले कापसाचे बोळे. खालच्या फळीवर सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकांच्या पातळ केलेल्या द्रावणाची प्लॅस्टिकची मोठी बाटली, पिवळसर आणि तळाशी किंचित बुळबुळीत.

सिस्टर हुशार आणि मायाळू होत्या. प्रत्येक बाईशी नाव घेऊन बोलत होत्या. त्यांनी हातमोजे घातले, पहिल्या खाटेचं ड्रेसिंग सोडलं, बोळा उचलला, टाके पुसले, गॉज लावला. मग त्याच हातमोज्यांनी ट्रॉली ढकलली, पडदा सरकवला, पेन घेऊन नोंद केली आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या. तिसऱ्या खाटेनंतर मोजे बदलले. वाटीतला बोळा उचलताना मोज्याची बोटं प्रत्येक वेळी वाटीतल्या द्रावणाला लागत होती. पू असलेली बाई चौथ्या खाटेवर होती, स्वच्छ टाक्यांची पाचव्या. हातमोजा घातला की हात स्वच्छ झाला असं वाटतं, आणि मोजा घातलेल्या हातानं माणूस उघड्या हातापेक्षा जास्त ठिकाणी शिवतो. हे मी शाळेतही वर्षानुवर्षं पाहते आहे. मोजा घालणाऱ्याचा बचाव करतो. रुग्णाचा बचाव मात्र तो एका रुग्णापुरता आणि एका कामापुरताच असतो.

बेसिन वॉर्डाच्या टोकाला, संडासाच्या शेजारी. नळाला पाणी सकाळी नऊपर्यंत, पुढे बादली-मग. ज्या हातानं मग धरायचा तोच हात धुवायचा, आणि दुसऱ्याचा हात लागलेला मग पुन्हा धरायचा. साबणाची वडी पाण्यात तरंगणाऱ्या साबणदाणीत. पुसायला एकच नॅपकिन, दुपारपर्यंत ओला.

मी हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साबण-पाण्यानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिनपर्यंत जाऊन यायला आणखी एक मिनिट. पंधरा ड्रेसिंग, प्रत्येकाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा: तासभर फक्त हात धुण्यात जाईल. त्या तासात प्रसूतिगृहात एक बाई कळा देत असते, एकाचं सलाईन संपलेलं असतं आणि ड्यूटीवर सिस्टर एक. ‘हात धुवा’ असा फलक त्या बेसिनवर होताच, सुंदर रंगीत. सिस्टर हात धूत नव्हत्या असं म्हणणं सोपं आहे. धुणं जमेल अशी मांडणी तिथे कोणी केलेलीच नव्हती, हे म्हणायला जास्त प्रामाणिकपणा लागतो.

बाटलीत काय चाललं होतं

बाटलीची गोष्ट मावशींनी सांगितली. कक्षसेविका मावशी, वीस वर्षं त्याच वॉर्डात. मूळ दाट औषध वरून कमी येतं, म्हणून ते पातळ करताना सढळ पाणी घालायचं. पाणी बोअरचं, न उकळलेलं. बाटली अर्धी झाली की वरून भरायची. रिकामी करून धुतलेली कोणाला आठवत नव्हती. कापसाचे बोळे रात्रपाळीच्या सिस्टर भिजवून ठेवत, सकाळी घाई होऊ नये म्हणून. उरलेले बोळे फेकायचे नाहीत, त्यातच नवे घालायचे. यातली एकही गोष्ट कामचुकारपणाची नाही. प्रत्येक गोष्टीमागे काटकसर आहे, दुसऱ्या पाळीची काळजी आहे.

पण रसायनाचा हिशेब वेगळा असतो. सेट्रिमाइड ज्या गटातलं आहे ती जंतुनाशकं जड पाण्यात कमजोर पडतात, आणि विदर्भातल्या किती बोअरचं पाणी जड असतं हे घरच्या भांड्यांवरच्या पांढऱ्या थरावरून कोणालाही कळेल. साबणाचा अंश मिसळला तरी ती निकामी होतात. कापूस तर हे औषध स्वतःत ओढून घेतो. रात्रभर बोळे भिजत ठेवले की वाटीत उरतं त्यात औषध थोडं आणि पाणीच जास्त. अशा द्रावणात बाकीचे जंतू मरतात, पण स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू तग धरतो आणि वाढतो. हा ओलाव्यात राहणारा जंतू आहे: नळाची तोटी, मोरी, बादली, बाटलीच्या तळाचा बुळबुळीत थर. प्रयोगशाळेत हाच जंतू इतरांमधून वेगळा काढायचा असेल तर ज्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या घट्ट थरावर, तो वाढवतात त्यात मुद्दाम सेट्रिमाइड घालतात, कारण बाकीचे त्यात टिकत नाहीत. हे मी ट्रॉलीजवळ उभी राहून सांगितलं तेव्हा सिस्टर बाटलीकडे पाहतच राहिल्या.

हिरवा रंग त्याचाच. पायोसायनिन नावाचं निळसर-हिरवं रंगद्रव्य तो सोडतो, आणि पुवाला गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. ज्यानं एकदा हुंगला तो विसरत नाही.

पुवाचे नमुने, बाटलीतलं द्रावण, फोर्सेपच्या बरणीतलं द्रावण, वाटी आणि नळाचं पाणी असं सगळं वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पाठवलं. जंतुनाशकाचा नमुना तपासायची रीत वेगळी आहे. केल्सी आणि मॉरर यांनी १९६६ साली ती मांडली: वापरातलं १ मिली द्रावण ९ मिली पातळ करणाऱ्या द्रवात घालायचं, त्यात औषधाचा परिणाम थांबवणारा पदार्थ असतो, आणि त्याचे दहा-दहा थेंब दोन प्लेटवर टाकायचे. एक प्लेट ३७ अंशांवर तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. पाचांपेक्षा जास्त थेंबांत जंतू उगवले तर द्रावण नापास. आमच्या बाटलीचा प्रत्येक थेंब उगवला. बरणीचेही बहुतेक थेंब. म्हणजे ऑटोक्लेव्ह केलेला गॉज ड्रममध्ये निर्जंतुक होता आणि तो बाहेर काढणारा चिमटा नव्हता.

बायांच्या पुवातही स्यूडोमोनास निघाला आणि त्याला लागू पडणाऱ्या औषधांची यादी बाटलीतल्या जंतूच्या यादीशी जुळली. शास्त्राच्या कसोटीवर एवढ्यानं दोन्ही जंतू एकाच वंशाचे ठरत नाहीत, त्यासाठी जनुकीय तपासणी लागते आणि ती झाली नाही. पण तारखा, न पिकलेल्या तिघी आणि बाटली एकत्र पाहिल्यावर कृतीसाठी थांबण्याचं कारण उरलं नव्हतं.

यातून आणखी एक कोडं सुटलं. बायांना वॉर्डात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू होती, तरी पू आटत नव्हता. स्यूडोमोनासवर या औषधाचा भरवसा धरता येत नाही. अहवाल आल्यावर औषध बदललं, टाके मोकळे करून जखमा सलाईननं धुतल्या, तेव्हा उतार पडला.

नोटीस आणि बांगड्या

ड्रेसिंगच्या दोन्ही सिस्टरांना ‘कारणे दाखवा’ नोटीस देण्याची तयारी झाली होती. मी ती थांबवायचा आग्रह धरला, आणि आजही धरीन. नोटीस निघाली असती तर त्या रात्रीच बाटली धुऊन, उन्हात वाळवून जागेवर आली असती आणि आमच्या हाती काहीच लागलं नसतं. मावशी बोलल्या नसत्या. पुढच्या वेळी पू झाला तर नोंद झाली नसती. द्रावण कसं करायचं याची लेखी सूचना वॉर्डात नव्हती, औषध अपुरं येत होतं, पाणी नव्हतं. या तिन्ही गोष्टी सिस्टरांच्या हातातल्या नव्हत्या. वैद्यकीय अधीक्षकांनी हे ऐकून घेतलं, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

बदल सोपे होते. भिजवलेले बोळे बंद. एका ड्रेसिंगपुरता गॉज, दोन चिमटे आणि वाटी असं छोटं पॅक, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ३० मिनिटं, वर तारीख. चीटल फोर्सेप कोरड्या निर्जंतुक बरणीत, पाळीगणिक बदलायचा. पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाच्या लहान बाटल्या, उघडल्याची तारीख लिहून. वरून भरणं नाही. आयोडीन आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही हेही सांगितलं, कारण १९८० च्या दशकात अमेरिकेत त्याच्याही बाटल्यांत स्यूडोमोनास गटातले जंतू सापडल्याच्या नोंदी आहेत. स्वच्छ टाके आधी, पुवाची जखम शेवटी. आणि शिकवताना मी एकाच गोष्टीवर जोर दिला: जखमेला जे टोक लागणार, त्या टोकाला वाटेत दुसरं काहीही लागता कामा नये. हात, मोजा, ट्रॉलीचा काठ, पडदा, काहीच नाही.

हातांसाठी ट्रॉलीच्या दांडीला अल्कोहोलचं द्रावण लटकवलं. ते २० ते ३० सेकंदांत काम करतं आणि बेसिनपर्यंत जावं लागत नाही. वियेन्नाच्या प्रसूती रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसनं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले, आणि त्याच्या विभागातलं बाळंतिणींचं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यानं उपदेशावर विसंबून न राहता वॉर्डात शिरण्याच्या वाटेवर हात धुण्याची सोय केली होती. आमच्याकडे ती सोय खाटेपाशी आली.

द्रावण जिल्ह्याच्या औषध भांडारात बनतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीनं: दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग ७२ तास बाजूला ठेवायचं. पेरॉक्साइड हातांसाठी नसतं. अल्कोहोलनं न मरणारे, बाटलीतच दडलेले बीजाणू मारण्यासाठी ते असतं. हाताला रक्त, पू किंवा माती दिसत असेल तर मात्र अल्कोहोल चालत नाही, साबण-पाणीच लागतं. म्हणून बेसिनजवळ तोटी बसवलेली झाकणाची टाकी आली, पाण्याचा मग गेला. नॅपकिनच्या जागी जुन्या चादरींचे धुतलेले, एकदाच वापरायचे तुकडे.

सगळ्यात अवघड ठरल्या बांगड्या. हिरव्या काचेच्या बांगड्यांखालची कातडी धुतली जात नाही, अल्कोहोल तिथे पोचत नाही. पण ‘बांगड्या काढा’ असं कुंकवाच्या बाईला सांगणं सोपं नाही. एका सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, सासरी काय सांगू म्हणाल्या. वॉर्डाच्या परिसेविकांनी, म्हणजे प्रमुख सिस्टरांनी, पुढच्या सकाळी सगळ्यांसमोर स्वतःच्या बांगड्या साबण लावून काढल्या, चिंधीत बांधल्या आणि पदराला पिन करून ठेवल्या. “ड्यूटी संपली का घालाच्या,” एवढंच बोलल्या. आठवड्याभरात बहुतेकींनी तसंच केलं. दोघींनी नाही केलं. त्या आता ड्रेसिंग करत नाहीत, औषधं देतात. मला हा तोडगा मान्य आहे.

मुळात ड्रेसिंग हवं का?

या प्रश्नावर आमच्यातच मतभेद झाले. स्वच्छ, शिवलेली जखम साधारण ४८ तासांत वरून बंद होते. त्यानंतर ती कोरडी आणि न दुखणारी असेल तर रोज सोडून पुसण्यानं फायदा होत नाही, उलट दर वेळी नवं दार उघडतं. पण बाई आणि तिचे नातेवाईक विचारतात, “आज ड्रेसिंग नाई केलं का?” रोजचं ड्रेसिंग म्हणजे रोजची काळजी, असा समज वॉर्डात पक्का बसला आहे. सिस्टरांनाही न करणं म्हणजे काम टाळल्यासारखं वाटतं. आता फेरीत सिस्टर ड्रेसिंग सोडत नाहीत. वरून पाहतात, दाबून दुखतं का विचारतात, ताप बघतात आणि बाईलाही कारण सांगतात. यानं ड्रेसिंगची संख्या निम्म्यावर आली असावी, आणि हात धुण्याचा तो तासाभराचा हिशेब आपोआप आवाक्यात आला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी बदल हाच, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

सातही जणी बऱ्या झाल्या. एकीला पुन्हा टाके घालायला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं लागलं. ती जून संपेपर्यंत वाकू शकत नव्हती. मिरगाचा पाऊस पडून गेला, सरकी टोबायला माणसं मिळेनात, आणि घरच्या तीन एकरांसाठी मजूर लावावे लागले. तिच्या नवऱ्यानं आमच्याकडे तक्रार केली नाही. दवाखान्यात असं होतंच, असं त्याला वाटत होतं.

पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे गेला आहे, अजून मंजुरी नाही. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की बोअरऐवजी तेच पाणी भरतात. परिसेविकांनी टाके पडलेल्या प्रत्येक बाईचं नाव एका वहीत लिहायला सुरुवात केली आहे, आणि सातव्या व चौदाव्या दिवशी आशाताईला फोन करून जखमेची विचारणा होते. पावसाळ्यात आणखी एकीला पू झाल्याचं या वहीमुळेच कळलं. नमुना गेला, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवांत सापडणारा जंतू निघाला, स्यूडोमोनास नव्हे. बाटल्या आणि बरणी तपासल्या, त्यात काही उगवलं नाही. त्या बाईच्या मांडीवर आधीपासून गळू होतं आणि शस्त्रक्रियेआधी ते कोणी पाहिलं नव्हतं. आता नसबंदीच्या तपासणी कागदावर कातडीसाठी वेगळा रकाना आहे.